लाखो ओळींची फाईल एक्सेलमध्ये उघडताय? आधी हे वाचा. मोठ्या फाईलसाठी कोणता एडिटर घ्यायचा याची माहिती

दिवाळीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. आमच्या गावच्या दूध संस्थेत दरफरकाची यादी लागली आणि दुपारपर्यंत डेअरीपुढं गर्दी झाली. शेजारच्या काकूंनी पोळ्यानंतर म्हैस घेतलेली. तेव्हापासून दोन्ही वेळेला दूध घालतात. यादीत त्यांच्या नावापुढं शून्य.

काकू सरळ सचिवांकडं गेल्या. "तात्या, माझं दूध गेलं कुठं?"

तात्या म्हणाले, "वहिनी, यंत्रातनं जे आलं तेच लावलंय. आम्ही हातानं काही लिहिलेलं नाही."

तात्या खोटं बोलत नव्हते आणि काकूही खोटं बोलत नव्हत्या. यंत्रात काकूंचं दूध होतं. पण यंत्रातली फाईल संगणकावर ज्या प्रोग्राममध्ये उघडली, त्यात ती पूर्ण मावलीच नव्हती. मीही संस्थेचा सभासद, आणि बातम्यांच्या कामामुळं घरी लॅपटॉप आहे, म्हणून ती फाईल पेनड्राइव्हवर माझ्याकडं आली. दोन रात्री तिच्यात डोकं घातल्यावर जे समजलं ते इथं लिहितोय. दूध संस्था, पाणी वापर संस्था, गटाचे हिशोब, सेवा केंद्र, हवामानाच्या नोंदी, असं ज्याच्याकडं लाखो ओळींचं काम येतं त्याला हे उपयोगी पडेल.

नेमकं काय झालं होतं?

हिशोब साधा आहे. संस्थेत दूध घालणारे सरासरी ३०० जण. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला ६०० नोंदी. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर २ लाख १९ हजार नोंदी. यंत्रातनं ५ वर्षांचा सगळा डेटा एकाच फाईलमध्ये काढला होता, म्हणजे १० लाख ९५ हजारांच्या आसपास ओळी.

आता एक्सेलचं गणित बघा. एक्सेलच्या एका शीटमध्ये जास्तीत जास्त १० लाख ४८ हजार ५७६ ओळी मावतात. त्यापुढची एकही ओळ बसत नाही. म्हणजे शेवटच्या साधारण ४६ हजार ओळी बाहेर राहिल्या. दिवसाला ६०० नोंदी धरल्या तर हे झाले सुमारे ७७ दिवस. नागपंचमीपासूनचं सगळ्या गावाचं दूध यादीतून गायब! जुन्या सभासदांची रक्कम थोडी कमी दिसली, त्यामुळं पटकन कुणाच्या लक्षात आलं नाही. काकूंचं सगळंच दूध त्या ७७ दिवसांत होतं, म्हणून त्यांना शून्य.

एक्सेलनं सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. फाईल पूर्ण उघडली नाही अशी इंग्रजीत सूचना येते. घाईच्या कामात पोरानं "ओके" दाबलं आणि पुढं गेला. आपणही असंच करतो.

ही चूक फक्त खेड्यात होते असंही नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत हेच घडलं. तिथं एक्सेलचा जुना फाईल प्रकार वापरात होता, त्यात फक्त ६५ हजार ५३६ ओळी मावतात. त्यामुळं २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५ हजार ८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. एवढ्या मोठ्या देशाला जे जमलं नाही ते आपल्या डेअरीतल्या पोराला जमलं नाही म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

एक्सेल आणि टेक्स्ट एडिटर: फरक काय?

यंत्रातनं, पोर्टलवरून किंवा सॉफ्टवेअरमधून जी फाईल येते ती बहुतेक वेळा सीएसव्ही असते. म्हणजे साधा मजकूर, एका ओळीत एक नोंद, आणि दोन माहितीच्या मध्ये स्वल्पविराम. टेक्स्ट एडिटर ही फाईल जशी आहे तशी दाखवतो. एक्सेल मात्र तिचा आपल्या डोक्यानं अर्थ लावतो आणि मग दाखवतो. गडबड इथंच होते:

- खाते क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर एक्सेल पुढची शून्यं उडवून टाकतो.
- आकडा १५ अंकांपेक्षा मोठा असेल तर १५ अंकांच्या पुढचे अंक शून्य होतात. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात, त्यांचा शेवटचा अंकच बदलतो. असा क्रमांक सेव्ह झाला की पैसे अडकलेच म्हणून समजा.
- १२ अंकी आधार क्रमांक आखूड करून "ई" अक्षर घातलेल्या आकड्यासारखा दिसतो. तसाच सीएसव्हीमध्ये सेव्ह केला तर मूळ अंक परत मिळत नाहीत.
- तारखेत दिवस आणि महिना उलटा होऊ शकतो. संगणकाची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो.
- मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात. त्याबद्दल पुढं सांगतो.

लिब्रेऑफिस घेतलं तरी नेहमीची ओळींची मर्यादा तेवढीच, १० लाख ४८ हजार ५७६. गूगल शीट्समध्ये एकूण १ कोटी चौकटींची मर्यादा आहे. आमच्या फाईलमध्ये १२ रकाने होते. १२ गुणिले १० लाख ९५ हजार म्हणजे १ कोटी ३१ लाखांच्या वर. तिथंही मावणार नाही.

म्हणून नियम एकच: मोठी फाईल आली की पहिल्यांदा टेक्स्ट एडिटरमध्ये बघायची, किती ओळी आहेत ते कागदावर लिहून घ्यायचं आणि मगच एक्सेलकडं जायचं.

फाईल "मोठी" कधी म्हणायची?

हे फाईलवर जेवढं अवलंबून आहे तेवढंच आपल्या मशीनवर. बहुतेक एडिटर सगळी फाईल एकदम मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, घेतात. आपल्याकडं अजून ४ जीबी रॅमचे संगणक भरपूर आहेत. त्यातली बरीचशी जागा विंडोज आणि उघडलेला ब्राउझरच खातो. फाईल जेवढी, निदान तेवढी मेमरी लागते. कित्येक प्रोग्रामना त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते. ढोबळ अंदाज असा धरा:

- ५० एमबीपर्यंत: कुठलाही चांगला एडिटर चालेल.
- ५० ते ५०० एमबी: एडिटर निवडून घ्यावा लागेल. आमची दुधाची फाईल १३० एमबीच्या आसपास होती.
- ५०० एमबी ते २ जीबी: ४ जीबी रॅमवर पूर्ण फाईल मेमरीत घेणारे प्रोग्राम लटकतील.
- २ जीबीच्या वर: फाईल तुकड्या-तुकड्यानं वाचणारा प्रोग्रामच पाहिजे.

यात मराठीचा एक मुद्दा आहे. युनिकोडच्या युटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाईट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला ३ बाईट. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणून मराठी नावांची फाईल इंग्रजी नावांच्या फाईलपेक्षा बरीच जड होते. ओळी तेवढ्याच, पण वजन जास्त.

दुसरा मुद्दा लांब ओळीचा. काही ॲप्समधून निघालेली फाईल अख्खी एकाच ओळीत असते. २० एमबीची एकच ओळ असेल तर चांगला एडिटरही रडतो. फाईल लहान असूनही लटकत असेल तर हे कारण असू शकतं. अशा वेळी "वर्ड रॅप", म्हणजे ओळ मोडून खाली दाखवायची सोय, बंद करून बघा.

आणि यादी पीडीएफ असेल तर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडू नका. नुसता कचरा दिसेल. ते काम वेगळं.

आधी ठरवा: बघायचंय, शोधायचंय की बदलायचंय?

एडिटर निवडताना बहुतेक जण इथं चुकतात. "मोठी फाईल उघडायचीय" म्हणतात, पण उघडून करायचं काय ते ठरवत नाहीत.

*फक्त बघायचंय:* फाईलमध्ये कोणते रकाने आहेत, पहिली तारीख कोणती, शेवटची कोणती, ओळी किती. यासाठी बदल करणारा एडिटर लागतच नाही. वाचणारा प्रोग्राम, म्हणजे व्ह्यूअर, पुरे. तो सुरक्षितही असतो, कारण त्यात चुकून काही पुसलं जात नाही.

*शोधायचंय:* एका सभासदाच्या सगळ्या नोंदी, एका दिवसाचं सगळं दूध, एका गटाच्या पाणीपट्टीच्या ओळी. यासाठी शोध वेगानं चालणारा आणि सापडलेल्या ओळी वेगळ्या दाखवणारा प्रोग्राम हवा.

*बदलायचंय:* नाव दुरुस्त करायचंय, फाईलचे भाग पाडायचेत. इथं खरा एडिटर लागतो, आणि इथंच जास्त काळजी लागते.

कोणता प्रोग्राम कशासाठी?

नोटपॅड. विंडोजबरोबर येतो, त्यामुळं सगळ्यांकडं असतो. लहान फाईलसाठी उत्तम. पण शेकडो एमबीची फाईल दिली की बराच वेळ "प्रतिसाद देत नाही" असं दाखवतो. विंडोज ९५ च्या काळात तर तो ६४ केबीच्या वर जातच नव्हता. वर्डपॅड हा जुना पर्याय होता, पण विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तो काढून टाकलाय. मोठ्या फाईलसाठी या दोघांवर वेळ घालवू नका.

नोटपॅड प्लस प्लस. हा मोफत आहे, २००३ पासून आहे आणि कमी ताकदीच्या मशीनवरही चालतो. गावात एकच प्रोग्राम टाकायचा असेल तर हा टाका. उतरवताना ६४ बिटचा निवडा. ३२ बिटचा २ जीबीपुढं जात नाही. नव्या आवृत्त्यांत २०० एमबीच्या वरची फाईल आली की रंगीत अक्षरं, ओळ मोडणं अशा जड सोयी तो आपोआप बंद करतो, त्यामुळं काम हलकं होतं. खालच्या पट्टीवर एकूण ओळींचा आकडा दिसतो. आम्हाला चूक सापडली ती याच आकड्यानं. एक लक्षात ठेवा, हा पूर्ण फाईल मेमरीत घेतो. ४ जीबी रॅमवर ३००-४०० एमबीपर्यंत ठीक, त्यापुढं मशीन जड पडतं.

क्लॉग. हाही मोफत. हा फक्त वाचतो, बदल करत नाही. संगणकवाले लोक सर्व्हरच्या नोंदी वाचायला वापरतात, पण आपल्या कामालाही एकदम बसतो. फाईल मेमरीत न घेता डिस्कवरूनच वाचतो, म्हणून कित्येक जीबीची फाईलही साध्या लॅपटॉपवर उघडते. वर पूर्ण फाईल आणि खाली शोधलेल्या ओळी असे दोन भाग दिसतात. काकूंचा सभासद क्रमांक टाकला, खाली त्यांच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक आल्या. तात्यांनी चष्मा लावून स्वतः वाचल्या. त्यानंतर वादाला जागाच राहिली नाही.

व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टचा, मोफत. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपवर असतोच. ८ जीबी रॅम असेल तर १००-२०० एमबीची फाईल चालवतो. मोठ्या फाईलला बऱ्याच सोयी स्वतःच बंद करतो. पण हा प्रोग्राम मुळात जड आहे. जुन्या मशीनवर फक्त याच कामासाठी टाकू नका.

एमएडिटर. मोठ्या फाईलमध्ये बदल करण्यासाठीच याचं नाव आहे. १६ टीबीपर्यंतची फाईल चालते असं कंपनी सांगते. सीएसव्ही फाईल रकान्यांत मांडून दाखवतो आणि एक्सेलसारखी शून्यं उडवत नाही. पूर्ण सोयींसाठी पैसे भरावे लागतात. वर्षातून एकदा काम पडणार असेल तर विकत घेण्यात अर्थ नाही. रोजचा धंदाच डेटाचा असेल तर विचार करा. फुकट मिळालेली "क्रॅक" आवृत्ती मात्र टाकू नका. त्यातून येणारा व्हायरस संस्थेचा सगळा हिशोब बसवेल.

लिनक्सवाल्यांसाठी. "लेस" नावाची जुनी कमांड आहे. कितीही मोठी फाईल असो, पहिलं पान लगेच दाखवते, कारण ती पुढचं लागेल तसं वाचते. "हेड" म्हणजे सुरुवातीच्या १० ओळी, "टेल" म्हणजे शेवटच्या १० ओळी, "ग्रेप" म्हणजे शोध, "स्प्लिट" म्हणजे तुकडे, आणि "डब्ल्यूसी" म्हणजे मोजणी. या ५ कमांड ज्याला आल्या त्याला मोठ्या फाईलची भीती राहत नाही.

मोबाईलवर काय करायचं?

आपल्यातल्या बऱ्याच जणांकडं संगणक नाही, सगळं मोबाईलवरच. व्हॉट्सॲपवर आता २ जीबीपर्यंतची फाईल येते, त्यामुळं अशी जड फाईल थेट हातात पडते. पण ती उघडताना मोबाईलमधलं साधं ॲप बहुतेक वेळा बंद पडतं, नाहीतर अर्धीच दाखवतं.

अर्धी दाखवली तर कळणार कसं? शेवटच्या ओळीवर जा आणि तारीख बघा. फाईल कालपर्यंतची असेल आणि शेवटची तारीख दोन महिन्यांपूर्वीची दिसत असेल, तर फाईल पूर्ण उघडलेली नाही. पूर्ण डेटा तारखेच्या क्रमानं असेल तरच हा इलाज चालतो, हे ध्यानात ठेवा.

पोरांना जरा हौस असेल तर टर्मक्स नावाचं ॲप आहे. ते एफ-ड्रॉइडवरून घ्यावं. त्यात वर सांगितलेल्या लिनक्सच्या कमांड मोबाईलवर चालतात. टाईप इंग्रजीत करावं लागतं आणि मोबाईलच्या स्टोरेजची परवानगी एकदा द्यावी लागते. ओळी मोजणं, शेवटच्या १० ओळी बघणं, एक नाव शोधणं एवढं साध्या मोबाईलवरही होतं. दुरुस्तीचं काम मात्र मोबाईलवर करू नका. बोट चुकीच्या जागी लागलं तर कळतही नाही.

एक कळकळीची सूचना. "ऑनलाइन फाईल उघडा", "ऑनलाइन तुकडे करा" अशी बरीच संकेतस्थळं आहेत. संस्थेची फाईल तिथं चढवू नका. तिच्यात गावाची नावं, मोबाईल नंबर आणि खाते क्रमांक असतात. तो डेटा आपल्या एकट्याचा नाही.

मराठी अक्षरं तुटत असतील तर

फाईल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा आणि खालच्या पट्टीवर उजवीकडं बघा. "युटीएफ-८" लिहिलेलं असेल आणि नावं नीट दिसत असतील तर फाईल चांगली आहे, गडबड एक्सेलची आहे. अशी फाईल दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेल आधी रिकामं उघडा, वर "डेटा" टॅबमध्ये टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून आणायचा पर्याय आहे, त्यातून ती घ्या आणि युटीएफ-८ निवडा. तिथंच खाते क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार "टेक्स्ट" करा. म्हणजे शून्यंही राहतात आणि शेवटचे अंकही.

एडिटरमध्येही नावं इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसत असतील, तर ती फाईल जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, टाईप केलेली असणार. तो दोष एडिटरचा नाही. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

बदल करताना ही काळजी घ्या

१. मूळ फाईलला हात लावू नका. आधी तिची प्रत काढा, नावात तारीख घाला आणि काम प्रतीवर करा. मूळ फाईलच्या गुणधर्मात जाऊन "फक्त वाचण्यासाठी" करून ठेवा.

२. वीज बघून सेव्ह करा. मोठी फाईल सेव्ह होताना सगळी नव्यानं लिहिली जाते, त्याला वेळ लागतो. मध्येच लाईट गेली तर अर्धी फाईल उरते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी, नाहीतर इन्व्हर्टर तरी.

३. डिस्कवर फाईलच्या निदान तिप्पट जागा रिकामी ठेवा. कित्येक एडिटर काम करताना तात्पुरत्या फाईल तयार करतात.

४. पेनड्राइव्ह जुन्या "फॅट ३२" पद्धतीचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल त्यावर बसत नाही. जागा असूनही कॉपी होत नसेल तर हे कारण. आणि पेनड्राइव्हवरच फाईल उघडून काम करू नका. आधी संगणकावर घ्या.

५. "सगळीकडं बदला" हे बटण दाबण्याआधी आधी मोजणी करा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये "काउंट" नावाचं बटण आहे. ३० ठिकाणी बदल अपेक्षित असेल आणि मोजणी ३० हजार आली तर थांबा.

आम्ही शेवटी काय केलं?

फाईलची प्रत काढली. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून प्रत्येक वर्षाची पहिली ओळ शोधली. "एडिट" मेनूत निवड सुरू करायचा आणि संपवायचा पर्याय आहे. वर्षाच्या पहिल्या ओळीवर एकदा, शेवटच्या ओळीवर एकदा दाबला की मधलं सगळं निवडलं जातं. माऊस ओढत बसावं लागत नाही. ते कॉपी करून नव्या फाईलमध्ये टाकलं. अशा ५ फाईल झाल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर रकान्यांच्या नावांची ओळ परत चिकटवली, कारण ती फक्त पहिल्या तुकड्यात येते.

मग ताळा केला. पाचही फाईलच्या ओळींची बेरीज मूळ फाईलपेक्षा बरोबर ४ नं जास्त आली पाहिजे, कारण नावांची ओळ ४ वेळा जास्तीची घातली. तेवढीच आली. एका वर्षाच्या २ लाख १९ हजारांच्या आसपास ओळी एक्सेलमध्ये आरामात मावतात. दरफरक चालू वर्षाचाच काढायचा होता, म्हणजे खरं तर ५ वर्षांची फाईल काढायची गरजच नव्हती! यंत्रातनं तारीख टाकून एकाच वर्षाचा डेटा काढता येतो. ते पोराला माहीत नव्हतं आणि आम्ही कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

नवी यादी वसुबारसेच्या आत लागली. काकूंना त्यांचे पैसे मिळाले. बाकीच्यांच्या रकमाही थोड्याथोड्या वाढल्या, तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की भांडण काकूंचं एकट्याचं नव्हतं.

हे फक्त दुधापुरतं नाही. दर १० मिनिटांनी नोंद करणारं एक हवामान केंद्र वर्षाला ५२ हजार ५६० ओळी तयार करतं. अशी २० केंद्रं एका फाईलमध्ये आली की वर्षाच्या आतच एक्सेलची मर्यादा ओलांडली जाते. उद्या पावसाच्या आकड्यांवर नुकसानीचा वाद झाला आणि शेवटच्या दिवसांचा पाऊसच फाईलमधून सुटलेला असला तर आपण कुणाला विचारणार?

थोडक्यात लक्षात ठेवा

- फक्त बघायचं किंवा शोधायचं असेल: क्लॉग.
- ३००-४०० एमबीपर्यंत बदल करायचा असेल: नोटपॅड प्लस प्लस, ६४ बिट.
- रोज जीबीतल्या फाईलचं काम असेल: एमएडिटर, किंवा लिनक्सच्या कमांड.
- मोबाईलवर: नुसतं बघा, शेवटची तारीख तपासा, बदल संगणकावर करा.
- एक्सेलमध्ये नेण्याआधी ओळी मोजा, नेल्यावर परत मोजा. दोन्ही आकडे कागदावर लिहा.

आमच्या डेअरीत आता यादीच्या खाली सचिवांच्या सहीशेजारी एक ओळ जास्तीची असते: यंत्रातल्या नोंदी किती, यादीत धरलेल्या नोंदी किती. दोन्ही आकडे सारखे असतील तरच यादी भिंतीवर लागते. तुमच्या संस्थेतही असं सुरू करता येईल. त्याला ना पैसा लागतो, ना इंजिनिअर.